बायबलातली जादा पानं

बाइंडरबाई माणसाआधी त्याचं पुस्तक ओळखायच्या. दुरुस्तीला आलेल्या पुस्तकाची पाठ अंगठ्याने हलकेच दाबायच्या आणि सांगून मोकळ्या व्हायच्या, हे झोपून वाचणाऱ्याचं, हे जेवता जेवता वाचणाऱ्याचं, आणि हे बिचारं नुसतं कपाटात उभं राहून दमलेलं. जिन्याखालच्या खोलीत पुस्तकं दाबायचा शिकंजा, सुया, पुठ्ठे आणि मैद्याच्या खळीचं पातेलं यांच्या संगतीत त्यांची तीस वर्षं गेली होती. नवरा लवकर गेला. लेकाला त्यांनी त्या पातेल्याच्या कडेला बसवूनच वाढवलं. लहानपणी त्याच्या केसांना इतकी खळ असायची की टोपी काढली तरी केस टोपीच्याच आकाराचे राहायचे.

तो लेक मोठा होऊन वायरमन झाला, एकदा हॉस्पिटलातले दिवे दुरुस्त करायला गेला आणि तिथल्या नर्सच्या प्रेमात पडून परत आला. मुलगी गुणाची होती, हसरी होती, पण कॅथलिक होती. आणि बाई प्रॉटेस्टंट. आज्यापणज्यापासूनच्या.

कॅथलिकांबद्दल बाईंना सगळं ठाऊक होतं. रविवारच्या शाळेतल्या शिक्षिकेने त्या आठ वर्षांच्या असताना ते सांगितलं होतं. ते लोक मूर्ती पुजतात. प्रभूला सोडून मरियेच्या मागे लागतात. फादरच्या कानात पाप सांगून आले की पुढच्या पापाला मोकळे. त्यांचा पोप म्हणे कधी चुकतच नाही. आणि बायबल? बायबल ते वाचतच नाहीत, ते फादरच्या कुलपात असतं. एवढ्या साऱ्या ऐकीव माहितीची पाठ मात्र बाईंनी कधी अंगठ्याने दाबून बघितली नव्हती.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सूनबाईच्या कपाटावरच्या वीतभर मरियेकडे बोट दाखवून बाईंनी विचारलं होतं, "हिच्याशी रोज काय पुटपुटतेस गं?"

"आज वॉर्डात काय काय झालं ते सांगते. आणि म्हणते, तूही माझ्यासाठी प्रार्थना कर."

"मातीच्या बाहुलीला?"

"बाहुलीला कशाला? आई, तुम्ही सकाळी यांच्या बाबांच्या फोटोशी बोलता, तेव्हा काचेशी बोलता का?"

बाई खळ ढवळायला निघून गेल्या. पटलं होतं असं नव्हे.

तरी दोघींचं बरं चाललं होतं. बाळ झालं, चार महिन्यांचं झालं, सूनबाई पुन्हा ड्युटीवर जायला लागली, आणि पिटुकली दिवसभर बाइंडरबाईंच्या खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपू लागली. शिकंज्याच्या करकरीने तिला जाग यायची नाही. उलट शिकंजा थांबला की ती डोळे उघडून बघायची, काय झालं म्हणून.

मग तो रविवार आला. दुपारी सगळे जेवायला बसले होते. पिटुकली आजीच्या खांद्यावर, आजीच्या मानेवर लाळेचा नकाशा. पुढच्या रविवारी तिचा बाप्तिस्मा होता, सूनबाईच्या चर्चमध्ये. त्याला बाईंनी होकार दिला होता, जरा ओठ आवळून दिला होता, पण दिला होता. लेक म्हणाला, "फादर विचारत होते, त्या दिवशी वाचन कोण करणार?"

"तुमच्यात वाचतं कोण?" बाई बोलून गेल्या. "तुमचं बायबल तर कुलपात."

लेकाला ठसका लागला. सूनबाईने हातातला घास खाली ठेवला, उठली, आत गेली, आणि एक पुस्तक आणून बाईंच्या ताटाशेजारी ठेवलं. पुस्तक कसलं, रबरबँड लावलेला पानांचा गठ्ठा.

"माझ्या वडिलांचं," ती म्हणाली. "बघा तुम्हीच."

बाईंनी पिटुकलीला लेकाकडे दिलं आणि पुस्तक उचललं. पाठ दाबायला पाठ उरलीच नव्हती. कडा बोटांनी काळ्या आणि मऊ झालेल्या, कोपरे गोल. तीस वर्षांत इतकं वाचलेलं पुस्तक त्यांच्या हातात आलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं बायबल याच्यापुढे नवरीसारखं कोरं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मी बांधून देते," त्या म्हणाल्या. माफी मागायची त्यांची ती एकच पद्धत होती.

सूनबाई घुटमळली. मूल तिने सासूच्या हवाली केलं होतं, घराची किल्ली दिली होती, पण हे द्यायला तिला वेळ लागला. वडिलांना जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि हातात धरता येईल असं त्यांचं हेच काय ते उरलं होतं.

"जपा, आई," एवढंच ती म्हणाली.

सोमवारी सकाळी बाईंनी रबरबँड सोडला आणि कामाला लागल्या. आधीच्या कुणा खाटकाने पुस्तकाची वरची कड इतकी खोलवर कापली होती की पृष्ठांक आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावरचं नाव सगळं उडालं होतं. पण बाईंना पृष्ठांक लागतात कशाला? बायबलातल्या सहासष्ट पुस्तकांची नावं त्यांना झोपेत पाठ होती, रविवारच्या शाळेत चालीवर घोकलेली. उत्पत्ती, निर्गम, लेवीय म्हणत त्या पानं लावत गेल्या. खोक्यातली पिटुकली आजीचं गाणं ऐकत पाय झाडत होती.

नहेम्याशी येऊन गाणं अडलं. पुढे एस्तेर हवी होती. इथे प्रत्येक पुस्तक नव्या पानावर सुरू होत होतं, आणि त्या पानावर ठळक नाव आलं ते भलतंच. तोबीत.

"हा कोण बाई?" बाईंनी पिटुकलीला विचारलं.

त्यांनी पुढची पानं चाळून चार ओळी वाचल्या; कडेला काही फिकट खरडलेलं होतं, तिकडे लक्ष गेलं नाही. एक म्हातारा, आंधळा. त्याचा मुलगा प्रवासाला निघालाय. बरोबर एक देवदूत, आणि मागे मागे चक्क कुत्रा. पुढच्या पानावर मुलाने नदीतला मासा धरलाय. बाईंनी चष्म्यावरून पिटुकलीकडे बघितलं. सगळं आयुष्य बायबल वाचलं, त्यात माणसाचं सोबती कुत्रं कधी दिसलं नव्हतं. त्यामागून यूदीथ नावाची कुणी बाई. आणखी खाली मक्काबी. मग सिराख, बारूख, असली नावं. मोजली तर सात पुस्तकं जादा.

मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या खाटकाने कड कापली, त्यानेच दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या गोष्टींच्या पुस्तकाची पानं यात मिसळली होती! एकाच वेळी दोन कामं टेबलावर घेतली की असं होतं. नवशिक्यांना हेच तर त्या सांगत आल्या होत्या. आणि सूनबाईच्या वडिलांना बिचाऱ्यांना पत्ताच नाही.

बाईंनी ती सातही पुस्तकं नीट उचलून बाजूला काढली. दानीएल नेहमीपेक्षा जरा लांबला आहे असं त्यांना वाटलं, पण दानीएलला त्यांनी जाऊ दिलं. सुट्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या, शिवलं, पाठ गोल केली, गडद निळं कापड चढवलं. असलं काम त्यांनी वर्षात केलं नव्हतं.

काढलेली पानं मात्र टाकवेनात. जुना कागद, जाड, मऊ. असा आता मिळतो कुठे? टेबलावर त्यांच्याच चर्चची वीस गीतपुस्तकं नव्या कव्हरांची वाट बघत होती. मापाला अगदी तंतोतंत. बाईंनी गठ्ठ्यातली वरची चाळीस पानं घेतली, पुढच्या-मागच्या प्रत्येक कव्हराच्या आत एकेक पान भराव म्हणून चिकटवलं, त्यावर पांढरं अस्तर लावलं, आणि बुधवारी गीतपुस्तकं चर्चला पोचती केली.

शुक्रवारी दुपारी सूनबाई ड्युटीवरून आली, पिटुकलीला घेतलं, मानेत नाक खुपसून तिचा वास घेतला. मग बाईंनी निळं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं.

"अय्या! आई!" तिने मोकळ्या हाताचा पंजा त्यावरून फिरवला. पुस्तक उघडलं, ते आपलं आपण सपाट पसरलं. चांगल्या बांधणीची खूण ती. बाई छातीवर हात बांधून उभ्या. सूनबाई पानं उलटत काहीतरी शोधू लागली. मागे गेली, पुढे गेली, परत मागे.

"आई, तोबीत कुठे गेलं?"

"ते होय!" बाई खुशीत म्हणाल्या. "अगं, कुणा गाढवाने दुसऱ्याच पुस्तकाची पानं घुसवली होती यात. मी सगळी काढून साफ केलं."

सूनबाईचं तोंड उघडं राहिलं. मग ती हसायला लागली. इतकी हसली की पिटुकलीही तिच्या खांद्यावर गदगदून हलली. "आई! सात पुस्तकं काढलीत? सातही? अहो, ती आमची आहेत! आमच्या बायबलात त्र्याहत्तर असतात!"

"त्र्याहत्तर? आणि ही सात तुम्ही कधी घातलीत?"

"आम्ही नाही घातली. आमच्यात पहिल्यापासून आहेत. तुमच्यात ठेवली नाहीत. ते सगळं नंतर भांडू. आहेत ना पानं? तोबीत द्या तेवढं."

बाईंनी उरलेला गठ्ठा काढला. पाच पुस्तकं होती. वरची दोन नव्हती.

हसू थांबलं. सूनबाईने खाली बसून घेतलं. "तोबीतमध्ये तो मुलगा घरून निघतो ना, आई, त्या पानाच्या कडेला बाबांनी लिहिलंय. मी ट्रेनिंगला गेले त्या दिवशी. त्यांच्या हातचं तेवढंच आहे माझ्याकडे." ती ओरडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. ती पिटुकलीची टोपी काढून पुन्हा घालत राहिली.

बाईंनी उरलेला गठ्ठा छातीशी धरला. पण डोक्यातली कारागीर जागी होती. "शाईने लिहिलंय की पेन्सिलने?"

"पेन्सिलने."

"मग जिवात जीव आला. खळ मैद्याची आहे, ओलं फडकं ठेवलं की सुटते. पेन्सिल पाण्याला भीत नाही. पान आहे गं, नुसतं चिकटलंय."

"कशाला?"

बाईंनी ते सांगितलं.

"तुमच्या गीतपुस्तकांना?" सूनबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ओठाचा कोपरा हललाच. "आमचं तोबीत तुमच्या गीतपुस्तकांत?"

शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये गायनमंडळाचा सराव होता. दोघी जणी तिथे पोचल्या, सूनबाईच्या काखेत पिटुकली, बाईंच्या हातात पाण्याचं भांडं, चार फडकी आणि कागद सोडवायची हाडाची पट्टी. बारा-पंधरा गाणारे आणि गायनमास्तर. गायनमास्तर काटकुळे, ताठ, आणि ऑर्गनइतकेच जुने.

"मास्तर, गीतपुस्तकं उघडायची आहेत," बाई म्हणाल्या.

"सरावाला आम्ही ती उघडतोच."

"तशी नाही. कव्हरं फाडायची आहेत."

कारण सांगावं लागलं. सांगता सांगता बाईंनी एक फडकं तीनदा घडी करून मोडलं. मास्तरांनी हातातलं नवंकोरं गीतपुस्तक निखारा असल्यासारखं लांब धरलं. "म्हणजे बुधवारपासून आम्ही कॅथलिक पानं हातात घेऊन गातोय?"

"सूर बिघडला का?" सूनबाईने विचारलं.

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"मुली, तुमच्यात मरियेची पूजा करतात," मास्तर म्हणाले, जणू हॉल त्यांनी त्यासाठीच उघडला होता.

"पूजा नाही हो मास्तर. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ड्रेसिंगला मीच यायचे. 'सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणायचात. तेव्हा माझी पूजा करत होतात का?"

मास्तरांनी डोळे बारीक केले. "ती तूच काय? आणि ते पोप? चुकतच नाहीत म्हणे!"

"चुकतात की! माणूसच आहेत. चष्मा विसरत असतील, पाय घसरत असेल. धर्माची शिकवण सगळ्यांसाठी म्हणून पक्की जाहीर करतात, तेवढ्यापुरतं आहे ते. तसं जाहीर करणं क्वचितच होतं. आमचे फादर तर दर रविवारी आपल्याच गाडीची किल्ली शोधत असतात, आणि पापकबुलीला गेलं की आधी विचारतात, ज्याच्याशी भांडलीस त्याच्याशी बोललीस का? नसशील तर आधी जा, बोलून ये. मोकळं कुठलं सोडतात!"

बाइंडरबाईंनी एकदम वर बघितलं. मागच्या महिन्यात दुधाच्या पातेल्यावरून दोघींचं वाजलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सूनबाई आपणहून बोलायला आली होती. ती फादरकडून पाठवलेली आली होती तर.

"तुमच्याबद्दल मीही काय काय ऐकलं होतं," सूनबाई म्हणाली. "तुमच्यात हसायला बंदी आहे म्हणे."

आता सगळेच हसले. दुसऱ्या रांगेतल्या जाड्या मावशींनी आपलं गीतपुस्तक पुढे केलं. "घे गं बाई, माझ्यापासून सुरू कर."

बाईंनी टेबलावर फडकं पसरलं, ओलं केलं, अस्तरावर ठेवलं, थोडं थांबल्या, आणि हाडाची पट्टी कडेने सरकवली. अस्तर सुटलं. खालचं पान सालीसारखं अलगद निघून आलं. यूदीथ. पुढचं, तेही यूदीथ. मग मासा आला.

ओलं पान धरायला हात हवेत म्हणून गाणाऱ्यांना एकेक पान मिळालं, आणि हातात पान आलं की माणूस वाचतोच. जरा वेळाने सराव बाजूलाच राहिला.

"अगं, हा आंधळा का झाला?"

"ते माझ्याकडे आहे. डोळ्यांत चिमण्या शिटल्या."

"इश्श! आणि माझ्या पानावर लग्न लागलंय. कुणाचं लागलंय?"

"आधीचे सात नवरे मेलेत तिचे! माझ्याकडे आहे, थांबा."

"सात? आणि हा आठवा तयार झाला?"

बाइंडरबाई मान वर करत नव्हत्या. एकेक कव्हर, एकेक पान, एकेका पानाची कड. कोरी. कोरी. शेजारी उभी राहून सूनबाई पिटुकलीला थोपटत होती, आणि दर पानागणिक तिचं थोपटणं थांबत होतं. ते थांबणं बाईंना न बघताही कळत होतं. दहा पुस्तकं झाली. बारा झाली. एका पानाचा कोपरा फाटला आणि बाईंनी ते पान दोनदा उलटून बघितलं. तेही कोरं निघालं.

चौदावं पुस्तक जाड्या मावशींशेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बहिणीचं. मागचं कव्हर. अस्तर सुटलं, पान वर आलं, आणि कडेला बारीक, तिरक्या, राखाडी ओळी दिसल्या.

बाईंनी ते पान दोन्ही तळव्यांवर घेतलं, नुकत्या जन्मलेल्या बाळाला घेतात तसं, आणि सूनबाईपुढे धरलं. सूनबाईने वाचलं, आधी मनात, मग मोठ्याने, कारण सगळा हॉल माना लांब करून उभा होता.

"आज धाकटी नर्सिंगला गेली. आपल्याकडे कुत्रा नाही, म्हणून बस सुटेपर्यंत मीच मागे मागे."

जाड्या मावशींनी नाक शिंकरलं.

"मिळालं," बाई म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या. "आता बाकीची नाही उघडली तरी चालतील, मास्तर. तुमचं तसंच ठेवा. उरलेली पानं सावकाश—"

मास्तरांनी घसा खाकरला. काखेत दाबून धरलेलं आपलं गीतपुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं आणि कव्हर वर करून बाईंकडे सरकवलं.

"माझंही उघडा," ते म्हणाले. "तो मुलगा परत आला की नाही, कुणाच्याच पानावर नाहीये."

रविवारी बाप्तिस्मा झाला. डोक्यावर पाणी पडताच पिटुकलीने असा काही सूर लावला की मागच्या बाकावर बसलेल्या गायनमास्तरांनी समाधानाने मान डोलावली. ते आले होते, जाड्या मावशीही आल्या होत्या. बघायला म्हणून आले असं दोघंही सांगत होते. बाइंडरबाईंनी सगळं बारकाईने पाहिलं. मूर्तीपुढे मेणबत्ती लावणाऱ्या म्हातारीला तर बाजूला गाठून विचारलंसुद्धा, आणि म्हातारी म्हणाली, "नातवाची परीक्षा आहे हो, तुम्हीही प्रार्थना करा." यावर बाईंना हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

घरी जेवायची तयारी झाली. विहीणबाई ताटं मांडत होत्या, लेक खुर्च्या गोळा करत होता. सूनबाईने टीपकागदांमधून ते पान काढलं. रात्रभर वजनाखाली राहून ते सपाट, कोरडं झालं होतं. अजून कुठेच शिवलेलं नव्हतं. पुस्तक पुन्हा उसवून त्र्याहत्तरांचं करायला बाईंनी पंधरा दिवस मागून घेतले होते, आणि निळ्या पुस्तकासकट सगळा गठ्ठा सूनबाईने सकाळी स्वतःहून त्यांच्या टेबलावर ठेवला होता. या वेळी ती घुटमळली नव्हती. "जपा"ही म्हणाली नव्हती.

"घरात काही चांगलं झालं की जेवायच्या आधी बाबा एक पान वाचायचे," ती म्हणाली. "आज तुम्ही वाचा, आई."

"मी?" बाई मागे सरकल्या. "अगं पण हे आमच्या बायबलात नाही."

"सध्या आमच्याही नाही. तुम्हीच काढून ठेवलंय. सुटं पान आहे, वाचा."

विहीणबाई हसल्या. बाईंनी चष्मा पुसला, लेकाला पंखा बंद करायला सांगितला, पान उडू नये म्हणून अंगठा कडेला ठेवला, पण पेन्सिलीच्या ओळींवर पडणार नाही असा, आणि वाचायला सुरुवात केली.